दाबायचं नाही, काढायचं

कशात काय मावतं, हे या भूतलावर फक्त आमच्या साडूंना कळतं, अशी माझ्या बायकोची पक्की समजूत आहे. बॅग फुगली, कपाट लागेना, की ती म्हणते, "भावजींना विचारा ना." मी नवरा म्हणून शेजारीच बसलेला असतो. जळतो का? जळतोच. खोटं कशाला बोलू.

साडूंची डहाणूला चिकूची वाडी आहे, पण जीव सगळा डीव्हीडीत. नात्यातल्या लग्नांच्या जुन्या डिस्कवरून नव्या करून देणं हा त्यांचा छंद. दुकानदार हे काम तासाभरात उरकतो. साडू आधी चार दिवस नुसता विचार करतात, की व्हिडिओ दाबून लहान करायचा की नाही. आधी कॉम्प्युटरवर माप बघायचं, मग नको ते काढायचं, आणि तरीही मावलं नाही तर दाबायचं, तेही ओशाळून. "पेटीत पिका चिकू बसत नाही म्हणून कोणी अंगठ्याने दाबतं का? एखादा बाहेर काढतात," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माणसांनाही तोच नियम. एकदा आम्ही डहाणू स्टेशनवरून कैनाडला, त्यांच्या वाडीवर, निघालो होतो. रिक्षावाला म्हणाला, "काका, जरा दाबून बसा ना, अजून एक येईल." साडूंनी सीटकडे नीट पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि स्वतःच उतरले. भर उन्हात चालत आले. बायको तो किस्सा अजून सगळ्यांना सांगते. मी म्हणतो, शायनिंग, दुसरं काय.

त्यात आमच्या लग्नाची डिस्क. तिच्यात वरात निघते, मी फेटा सावरत उभा असतो, आणि वीस मिनिटं नुसते साडू नाचतात. बघणारा हटकून त्यांच्याकडे बोट दाखवून विचारतो, "नवरा हाच का?" अठरा वर्षं मी ते गिळतो आहे.

पण त्याच डिस्कमध्ये हळदीला गाणं म्हणणारी माझी आई आहे. आई गेली, तिचा आवाज उरलाय तो तेवढाच. बाबा तलासरीला आमच्याकडेच असतात आणि रोज दुपारी जेवून ती डिस्क लावतात. लावून लावून तिच्यावर चरे पडले, आणि नेमकी आईच्या गाण्याशी ती अडखळायला लागली. बायको म्हणाली, "भावजींना..."

"मी करतो," मी म्हणालो.

मूळ डिस्क मोठ्या मापाची होती, मला मिळाली ती साधी. तिच्यावर चार पॉइंट सात जीबी लिहिलेलं, आमचं लग्न पाचच्या वर. म्हटलं, दाबू. पुन्हा कटकट नको म्हणून गादी बांधताना गुडघा देतात तसं चांगलं निम्म्यावर आणलं. मावलं की हो! दुपारी बाबांनी लावलं. आईच्या तोंडावर चौकोनच चौकोन. बाबा पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज तिचाच आहे. पण ही कोण रे?"

दुसऱ्या दिवशी मी मूळ डिस्क घेऊन डहाणूला गेलो. साडू हसले नाहीत, तेच जास्त लागलं. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी डिस्क मऊ फडक्याने पुसली, तीनदा प्रयत्न करून सगळी उतरवून घेतली.

"वर चार पॉइंट सात लिहितात, पण कॉम्प्युटरच्या मापाने चार पॉइंट तीनच्या आसपास भरते," ते म्हणाले.

"मग दोन डिस्क करू."

"बाबा उठून बदलणार?"

"मग थोडं दाबा."

"आईंना? नाही. काहीतरी काढू. बघतो मी."

चार दिवसांनी डिस्क आली. आई इतकी स्वच्छ, की बांगड्यांना लागलेली हळदसुद्धा दिसली. बाबा गुडघ्यावर ताल धरून बसले होते. गाणं एकदाही न अडखळता संपलं. आता वरात, म्हणून मी सवयीने दातओठ खात सावरून बसलो. वरात आलीच नाही. एकदम मांडव आला, आणि फेट्यातला मी, एकटाच.

मी फोन लावला. "भावजी, वरात कुठे गेली?"

"बसत नव्हती," ते म्हणाले. "त्यात तसं काही नव्हतंही."

जुनी डिस्क मी टाकलेली नाही. घरी कोणी आलं की मुद्दाम लावतो, थेट वरातीवर आणतो. माझं जळणं काही गेलेलं नाही. काय नाचायचा माणूस! पाहुणा बोट दाखवून विचारतो, "नवरा हाच का?"

मी हो म्हणतो.