सगुणाबाईंचा ऐनवेळचा विषय

करंजखिंडीच्या पंचायतीत सात सदस्य होते. सहा जणांकडे बोलायला विषय पुष्कळ होते, सातव्या सगुणाबाईकडे एकच होता. ओढ्यापलीकडच्या आंबटमाळ वाडीतून ती निवडून आली होती. खरं म्हणजे आणली गेली होती. जागा बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा सरपंच आनंदरावांनी वाडीवर नजर फिरवली आणि सगळ्यांत कमी बोलणारी बाई उचलली. पाच वर्षं मान हलवेल, सही करेल, चहा पिऊन घरी जाईल, असा त्यांचा अंदाज होता. तो एका शब्दानं चुकला.

पहिल्याच मासिक सभेत, सगळं उरकल्यावर, त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं की कुणाचा ऐनवेळचा विषय आहे का. सगुणाबाई पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या वढ्यावर साकव पायजे. मोठा पूल नको, माणूस आणि म्हैस पलीकडं जाईल एवढा साकव. मग खाली बसली.

आता ठराव म्हटला की सूचक लागतो आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक लागतो. ग्रामसेवक मंदार भोरहून यायचे, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी विचारलं, अनुमोदक कोण? एकानं मोबाईल काढला, दुसरा पंख्याकडं बघत बसला. अनुमोदक नाही म्हणून ठराव नाही. वहीत 'चर्चा झाली' एवढंच आलं. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. आधी तिच्या माघारी तिला साकवबाई म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. ती उभी राहिली की चहावाल्याला फोन जायचा, कारण आता सभा संपली हे सगळ्यांना कळायचं. या माणसांना दगड म्हणावं तर दगडही ओढ्यात पाय ठेवायच्या कामी येतो.

बाई मात्र भोळी. आपण दुसऱ्यांना अनुमोदन दिलं तर कधीतरी ते आपल्याला देतील, असं तिला वाटायचं. व्यायामशाळा, सरपंचांच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक, देवळापुढचा दिवा, सगळ्यांखाली अनुमोदक म्हणून तिची वाकडीतिकडी सही आहे.

वाडीतली अठरा घरं पावसाळ्यात त्या ओढ्यातूनच ये-जा करत. सगुणाबाई आणि तिची धाकटी जाऊ धोंडाबाई रोज सकाळी डेअरीला दूध घालायला निघत. पुढं काठी घेऊन थोरली, मागं दुधाची कॅन घेऊन धाकटी, आणि दोघींचे हात एकमेकींत घट्ट. थोरलीचा पाय टेकल्याशिवाय धाकटीनं पाय उचलायचा नाही. बावीस वर्षं असंच चाललं होतं, आणि हात सोडला नाही म्हणून दोघी जिवंत होत्या.

मुदत संपायला दोन सभा उरल्या, तेव्हा अमृत नावाचा तरणा सदस्य तिच्याकडं आला. त्याला फाट्यावर आजोबांच्या नावाची कमान उभारायची होती आणि सरपंचांच्या धाकानं त्यालाही अनुमोदक मिळेना. तो म्हणाला, "काकू, ह्या सभेत तुमी माज्यासाठी उभ्या ऱ्हावा. पुढच्या सभेत तुमच्या विषयाला पयला म्या उभा ऱ्हाईन. सबद देतो." सगुणाबाईनं आपला शब्द पाळला. कमान मंजूर झाली. घरी येऊन तिनं जावेला सांगितलं, तेव्हा धोंडाबाई हसून म्हणाली की साकव झाल्यावर आपला हात कुणी धरायचा गं.

शेवटच्या सभेला चार दिवस होते. अमृतला आठवण करावी म्हणून सगुणाबाई पहाटेच ओढा उतरून त्याच्या दारात गेली. तो झोपला होता; ती ओट्यावर बसून राहिली. इकडं वाडीत दुधाची वेळ झाली. डोंगरावर रात्रभर पाऊस होता, पाणी चढत होतं, आणि डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही. धोंडाबाई एकटी उतरली. कॅन तासाभरात सापडली. धोंडाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी, खालच्या विंझर गावाच्या अलीकडं, बाभळीच्या मुळ्यांत.

सुतकात बाईमाणसानं उंबरा ओलांडू नये, असं भावकीनं परोपरीनं सांगितलं. तरी सगुणाबाई सभेला गेली. ही सभा गेली की मुदत संपणार आणि पुन्हा निवडणूक कधी लागेल ते देवाला माहीत. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली. शेजारच्या सदस्यानं आपली खुर्ची जरा सरकवून घेतली.

सभा सुरू होताच अमृत उभा राहिला. घसा साफ करून त्यानं धोंडाबाईच्या दुखवट्याचा ठराव मांडला. भाऊसाहेबांनी अनुमोदक विचारला आणि चार हात वर गेले. सगुणाबाई त्या हातांकडं बघत राहिली. इतके हात या खोलीत आहेत, हे तिला पाच वर्षांत ठाऊक नव्हतं. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग आनंदराव म्हणाले, सभा तहकूब.

"माजा विषय ऱ्हायला," सगुणाबाई म्हणाली.

भाऊसाहेबांनी समजावलं, की दुखवटा झाल्यावर सभा तहकूब करायची पद्धत आहे. मयताचा मान असतो. विषय पुढच्या सभेत घेऊ.

"पुढची सभा कुठं हाय?"

तिनं अमृतकडं पाहिलं. तो बुटाच्या नाडीशी खेळत होता. "काकू, म्या सबद मोडला न्हाई," तो म्हणाला. "तुमच्या घरच्या विषयाला पयला म्याच उभा ऱ्हायलो."

आनंदरावांना हसू आलं. ते त्यांनी रुमालात घेतलं.

भाऊसाहेबांनी सहीसाठी वही पुढं केली. सगुणाबाई म्हणाली, आधी वाचून दाखवा. त्यांनी वाचलं, आकस्मिक निधन झाले. ती म्हणाली, "साकव नव्हता म्हणून मेली, असं लिव्हा. मंग सही करते."

"तसं लिहिता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, ते तसे सभ्य गृहस्थ. "आणि सही नसली तर मला गैरहजर लावावं लागतं."

सगुणाबाई उठून निघाली. तिच्या मागोमाग चहा आत गेला.

ओढा उतरला होता, पाणी मांडीएवढंच होतं. तिनं काठी पुढं टेकली आणि सवयीनं डावा हात मागं केला. हात तसाच राहिला. मग तिनं तो परत घेतला, पदर खोचला आणि पाण्यात पाय घातला.

ती वही पंचायतीच्या कपाटात आहे. पाच वर्षांत आंबटमाळच्या नावानं एकच ठराव मंजूर झालेला आहे, सर्वानुमते. खाली हजर सदस्य सहा, आणि गैरहजर म्हणून सगुणाबाईचं नाव आहे.