उन्हात काळ्या होणाऱ्या काचा

परवा चंद्रपुरात चष्मेवाल्याने नवी काच उन्हात धरली, ती बघता बघता काळी झाली आणि मला गडचिरोलीच्या जंगलातलं एक गाव आठवलं. तेव्हा मी तिकडे नर्स होते. भादव्यातलं ऊन डोळ्यांना सोसेना, म्हणून तसाच चष्मा घेतला होता. तापाची साथ चालू होती. रात्रभर एका बाळंतिणीजवळ जागून मी सकाळी धानाच्या बांधांवरून चिखल तुडवत त्या गावातल्या एका घरी पोचले. आत चटईवर एक लहानगी तापाने फणफणत होती आणि तिची आई दार अडवून उभी होती. "हिले आत्ताच दवाखान्यात नेऊ," मी म्हटलं. ती हलली नाही. "बाई, तुमचे डोयेच दिसून नाई राह्यले. अशी कशी देऊ पोरगी?" छपराखाली येऊनही काचा अजून उजळल्या नव्हत्या, आणि समजावायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी चष्मा काढला. समोरचा चेहरा धूसर झाला. ती अगदी जवळ आली, निरखून पाहत राहिली. "लाल झाले. रातभर झोपल्या नाई का?" तिने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "चाला." आठवड्याभराने पोरगी बरी होऊन घरी गेली. आता माझी बदली शहरात झाली आहे. रात्रपाळ्या अजून चालूच आहेत. पण सकाळी घरी परतते तेव्हा दार उघडणारं घरचं माणूस माझ्या तोंडाकडे पाहतही नाही.