राचप्पाचं कोरं पान

आमच्या गुळेदगुड्डात पूर्वी माग वाजायचा थांबला की त्या घरात कुणी गेलं असं समजून लोक बाहेर यायचे. आता माणसं जिवंत असतानाच माग थांबतात. त्यामुळे आत जाऊन बघावं लागतं.

राचप्पाचा माग माझ्या भिंतीच्या पलीकडे. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याला मी काखेत घेऊन फिरवलाय, तेव्हा त्याच्याविषयी फार आदरानं लिहायला मला जमणार नाही. मी स्वतः दुसरीपर्यंत गेले, तीही मधली सुट्टी धरून.

त्याचा बाप खण विणायचा, आजा विणायचा. राचप्पा विणायला बसण्याआधी नक्षी काढायला लागला. त्याच्या गणिताच्या वहीच्या चौकटींत गणितं सोडून सगळं होतं: रथ, हत्तीपाऊल, तुळशीवृंदावन. मास्तरांनी त्याला छड्या दिल्या आणि वही ठेवून घेतली. दोन वर्षांनी मास्तरांच्या बायकोच्या अंगातल्या चोळीवर तीच नक्षी होती.

मुलगी बघायला गेला तेव्हा परत येताना आईनं विचारलं, "कशी आहे?"

"काठात दोन धागे चुकलेत," राचप्पा म्हणाला.

"अरे, तोंडानं कशी आहे?"

"ते बघायचं राहिलं."

त्या शांतव्वानं त्याच्याबरोबर एकतीस वर्षं काढली. सहा वर्षांमागं ती सवाष्ण गेली. ओटीत घालायला घरात नवा खण नव्हता, म्हणून त्यानं मागावरचाच कापला. तो अर्धा झाला होता, रथाला एकच चाक होतं. पुढं महिनाभर तो अर्ध्या रथाबद्दल हळहळत बसायचा. लोकांना वाटलं बायकोसाठी हळहळतोय. असेलही. मी विचारलं नाही.

मी त्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरते, तो विणायला बसला तेव्हापासून. अलीकडं माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आकार दिसतात, मोठी अक्षरं दिसतात, पण लाल आणि तपकिरी मला सारखेच. म्हणून सकाळी सुताच्या लड्या देताना तो एकेक माझ्या हातावर ठेवतो आणि सांगतो. लाल म्हणून भागत नाही. त्याच्याकडं पाच लाल आहेत. "अक्का, हा डाळिंबाची साल तीन दिवस वाळल्यावरचा. हा ताज्या कुंकवाचा. हा करंड्यात हळद सांडून बिघडलेल्या कुंकवाचा." मी त्या त्या डब्यात त्या त्या कांड्या टाकते. आजवर चूक नाही.

त्याचा मुलगा चन्नबसू बंगळुरात लिफ्ट दुरुस्त करतो. मुलगा वाईट नाही. बापाची काळजी करतो, त्याला इलाज नसतो. खण नेणारा जुना व्यापारी वारला, त्याच्या पोरांनी रेडिमेड कपड्यांचं दुकान काढलं, आणि राचप्पाकडं मागणी येईना. तेव्हा दसऱ्याला आला असताना चन्नबसू म्हणाला, "अप्पा, पौषातल्या बनशंकरीच्या जत्रेपर्यंत बघू. तोवर मागणी आली तर ठीक. नाहीतर माग सोडवायचा आणि तुम्ही माझ्याकडं यायचं."

"तुझ्याकडं माग कुठं टाकू?"

"अकरावा मजला आहे अप्पा. माग कसला टाकताय?"

"तेच म्हणतोय. आपला खड्डामाग. तुझ्याकडं खड्डा खणला तर दहाव्या मजल्यावरच्या माणसाच्या ताटात पाय जायचा."

चन्नबसू हसला नाही. राचप्पाही विनोद करत नव्हता.

त्याच सुमारास विणकर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या सुनेनं, वनजानं, सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. वनजा सकाळी सोसायटीत बसते आणि दुपारी कॉलेजात संगणक शिकवते. तिनं सोसायटीची वेबसाइट काढली होती. आम्ही भिंतीला टेकून चिरमुरे खात ऐकत होतो.

"हे बघा, संगणकात चौकटींचं पान असतं," ती म्हणाली. "प्रत्येक विणकराला एक पान. वर तुमचं नाव आणि फोन नंबर मी घातलाय. खाली नक्षी, रंग आणि किती खण होतील, ते तुम्ही भरायचं. तुम्ही इथं भरलं की तिकडं वेबसाइटवर आपोआप येतं. मी रोज कुणाचं लिहून देणार नाही, आधीच सांगते."

"चुकलं तर?" कुणीतरी विचारलं.

"खोडून परत भरा. दुपारी ऑफिस उघडंच असतं."

राचप्पा पुढं जाऊन पडद्याला नाक लावून उभा होता. "ह्या चौकटी बारीक होतात?"

"होतात की काका."

"आणि रंग?"

"चौकटीत रंग भरता येतो. हे बघा, हा डबा दाबायचा, पाहिजे तो रंग निवडायचा. नाहीतर खणाचा फोटो द्या, मी लावते."

"फोटो नको," राचप्पा म्हणाला. "फोन माझ्या डाळिंबी रंगाला नारिंगी म्हणतो."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी भाकरी खाऊन ऑफिसात जाऊ लागला. बाकीच्यांनी एका दिवसात उरकलं. नक्षी: रथ. रंग: लाल. खण: दहा. राचप्पाला सोळा दिवस लागले. येऊन मला सांगायचा, "अक्का, आज हत्तीपावलाची दोन बोटं झाली." मला वाटलं, संगणक शिकतोय, शिकू दे. सोळाव्या दिवशी म्हणाला, "झालं. आता ज्याला कळतं त्याला कळेल."

मग तो फोन उशाशी ठेवून बसला.

लोकांना फोन यायला लागले. समोरच्या गुरुसिद्दव्वाला हुबळीच्या दुकानातून चाळीस खणांची मागणी आली. तिच्या पानावर "लाल, हिरवा, दुसराही मिळेल" एवढंच होतं. राचप्पाचा फोन वाजला तो चन्नबसूचा. रोज संध्याकाळी. "आली का मागणी?" "नाही." "जेवलात का?" "जेवलो." एवढंच त्यांचं बोलणं.

आमच्याकडं एक रीत आहे. पाहुण्याला वय विचारतात, पगार विचारतात, पोरं का झाली नाहीत तेही विचारतात. पण माग का थांबला हे विणकराला विचारत नाहीत. त्यामुळं गल्ली त्याला काही विचारेना, तो कुणाला सांगेना. सुतवाल्यानं त्याच्यासाठी बाजूला ठेवलेलं सूत दुसऱ्याला दिलं. विचारलं नाही. एक दिवस अमीनगडचा एक माणूस टेप घेऊन आला आणि मागाच्या लाकडाचं माप घेऊन गेला. त्यानंही काही विचारलं नाही. राचप्पानं त्याला चहा दिला.

"कोण होता रे?" मी भिंतीवरून विचारलं.

"सागवान बघायला आला होता. चन्नबसूनं पाठवला असेल."

"आणि तू माप घेऊ दिलंस?"

"माप चुकीचं घेत होता अक्का. मी धरलं दुसरं टोक."

जत्रेला अकरा दिवस राहिले होते. मी चप्पल घालून सोसायटीत गेले. वनजा एकटीच होती.

"वनजा, राचप्पाला मागणी का येत नाही?"

तिनं आधी दाराकडं बघितलं. "आज्जी, मी कसं विचारणार त्यांना? मोठी माणसं. त्यांचा माग बंद आहे ना?"

"कुणी सांगितलं बंद आहे म्हणून?"

"त्यांनी पान भरलंच नाही. नाव आहे, नंबर आहे, खाली कोरं. मला वाटलं, बंद करायचं ठरवलं असेल, उगाच जखमेवर बोट कशाला."

"सोळा दिवस तो इथं काय करत होता मग?"

"इथं?" वनजा म्हणाली. "कधी?"

मी राचप्पाला बोलावून आणवलं. तो आला तो चिडूनच. "कोरं कसं? डोळे फुटलेत का त्या वेबसाइटचे?" वनजानं स्वतःच्या फोनवर वेबसाइट उघडून त्याच्यापुढं धरली. नाव, नंबर, खाली पांढरं. मग राचप्पानं संगणकावर आपलं पान उघडलं, आणि वनजा खुर्चीतून उठून उभी राहिली.

मला धूसर दिसत होतं, तरी आकार कळला; बाकीचं वनजानं नंतर सांगितलं. त्यानं चौकटी मोहरीएवढ्या बारीक करून अख्खं हत्तीपाऊल भरलं होतं, काठासकट. 'नक्षी' लिहिलं होतं तिथं नक्षी आणि 'रंग' लिहिलं होतं तिथं रंग, एकापुढं एक, बावीस. अक्षर एक नाही.

वनजा पडद्याजवळ वाकली. मग हळू म्हणाली, "काका, वेबसाइट फक्त चौकटीतली अक्षरं वाचते. रंग तिला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"पानाचा रंग पानातच राहतो. तिकडं जात नाही. मी सांगायला पाहिजे होतं. कुणी असं भरेल असं वाटलं नव्हतं."

"तू म्हणालीस, रंग लिहिलंय तिथं रंग भरा."

"म्हणाले," वनजानं कबूल केलं.

राचप्पा स्टुलावर बसला. "म्हणजे आंधळी आहे."

"आंधळीच म्हणा."

"मग राहू दे. मी आता लाल-हिरवा लिहायचा नाही. गुरुसिद्दव्वाचा लाल आणि माझा लाल एका शब्दात बसतात होय? जाऊ दे बंगळुरला. लिफ्टमध्ये बसून वर-खाली करीन."

तो उठून दारापर्यंत गेला.

"राच्या," मी म्हणाले, "इकडं ये. मला रोज सकाळी काय सांगतोस?"

"तुला दिसत नाही म्हणून सांगतो."

"ह्या वेबसाइटलाही दिसत नाही. वनजानं आत्ता काय सांगितलं?"

तो उंबऱ्यात उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. परत आला नाही, पण गेलाही नाही. मी वनजाला म्हटलं, "लिही. पहिला, डाळिंबाची साल तीन दिवस वाळल्यावरचा लाल."

"दोन दिवस," राचप्पा उंबऱ्यातून म्हणाला. "तीन दिवसांचा तो वेगळा. तो चौथ्या चौकटीत आहे."

"बरं, दोन दिवस. पुढं?"

"वांग्याच्या देठाखाली, जिथं ऊन लागत नाही, तो जांभळा."

"पुढं?"

"म्हैस तळ्यातून उठल्यावर पाण्याला येतो तो. मग ज्वारीच्या शिळ्या भाकरीच्या काठाचा. मग..." तो थांबला.

"मग काय काका?"

"राहू दे. तो तुझ्या समोर सांगण्यासारखा नाही."

"अहो, बावीस पाहिजेत. सांगा."

"सेक्रेटरी रागावला की त्याच्या कानाला येतो तो गुलाबी."

सेक्रेटरी म्हणजे वनजाचे सासरे. तिनं क्षणभर बोटं उचलली. "दोन्ही कानांना की एका?"

"उजव्याला जास्त."

तिनं तसंच लिहिलं. भाकरीच्या वेळेपर्यंत बावीस रंग झाले. नक्षीच्या चौकटीत "हत्तीपाऊल, पाच बोटांचं, बाकीचे चारच काढतात" असं त्यानं स्वतः सांगून घातलं.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कांड्यांचे डबे पुसत होते, तर पलीकडं फोन वाजला. चन्नबसूची वेळ नव्हती. धारवाडच्या एक बाई होत्या, मुलीचं लग्न काढलेल्या. राचप्पा फोनवर ओरडून बोलतो, त्यामुळं सगळं मला ऐकू आलं.

"नाही, गालापेक्षा गडद... हो, कान... नाही बाई, आता रागावलेला नाहीये, पण महिन्याअखेरीला हिशेब असतो तेव्हा येऊन बघा... चोवीस? चोवीस होतील. एकाला दीड दिवस लागतो. घाई असेल तर दुसरीकडं घ्या... नाही, मग घाई करू नका."

संध्याकाळी चन्नबसूचा फोन आला. नेहमीचाच प्रश्न असणार: "आली का मागणी?"

"आली."

मग राचप्पा म्हणाला, "चोवीस. छत्तीस दिवस. जत्रा त्याच्या आधी संपते." मग तिकडचं ऐकून म्हणाला, "नाही, ते संपलं की लगेच सोडवता येणार नाही. माप घेतलेल्या मागावर काम लागलं तर तो वर्षभर हलवत नाहीत. अशुभ असतं."

हा नियम आमच्यात नाही. त्यानं तो तिथल्या तिथं काढला. पण चन्नबसू लिफ्टवाला, त्याला काय ठाऊक. तो म्हणाला असावा, बरं, कारण पुढं "जेवलो" ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मागावर ताणा लागला. सेक्रेटरींना कुणीतरी वेबसाइट वाचून दाखवली. ते चार दिवस आमच्या गल्लीतून कानाला मफलर गुंडाळून गेले, त्यामुळं त्यांच्या कानाचा रंग कुणाला पडताळता आला नाही.

चोवीस संपायच्या आत आणखी दोन मागण्या आल्या. राचप्पा अजूनही दुपारी जाऊन चौकटींत रंग भरतो. वेबसाइटला दिसत नाहीत, तरी भरतो. अक्षरं वनजा घालते. नवा रंग काढला की तो आधी मला सांगतो, मी तिला सांगते, आणि ती लिहिते. मध्ये मी नसले तर तो "निळाच, काय सांगायचं" म्हणून मोकळा होतो.

बागलकोटचे डॉक्टर म्हणतात, आज्जी, मोतीबिंदू पिकलाय, या महिन्यात काढू. मी त्यांना म्हटलं, थोडं थांबा. अजून सात हिरवे सांगायचे राहिलेत.