फरक ओळखा

नातींनो, तुम्ही दोघी लहान असताना मी पेपरमधली 'फरक ओळखा'ची चित्रं कापून तुम्हाला पाठवायची. उत्तरं वेगळ्या कागदावर, क्रमांक घालून. या खेळात मी कधी हरले नव्हते.

विसरवाडीच्या फाट्यावर, बसथांब्यासमोर, एका डोळ्यांच्या दवाखान्याने मोठा फलक लावला. हातावर हात ठेवून मंद हसणारी ती परदेशी बाई, जिचं चित्र सगळं जग ओळखतं, शेजारी शेजारी दोनदा. वर हातभर अक्षरांत एवढंच: फरक ओळखा.

जाहिरातवाल्यांनी या बाईचे केलेले हाल मी बरीच वर्षं पाहते आहे. चहाच्या पुड्यावर ती, ब्यूटी पार्लरच्या दारावर ती. नवापुरात एका मारवाडी साडीवाल्याने तर तिला नथ घालून पैठणी नेसवली. मी सुनावलं, तर म्हणाला, "बाईजी, नटीचे नखरे असतात. ही केव्हाची तयार बसली आहे."

गुडघा शेकायला मला दर गुरुवारी नंदुरबारला जावं लागतं. सोबतीला शेजारीण येते. ती शाळेत गेलेली नाही. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं म्हणून मला मास्तरीनबाई म्हणते. बसची वाट पाहताना मी फरक शोधायची, माझ्या पद्धतीने, वरून खाली: केस, कपाळ, गळा, बोटं. काही सापडेना. कडा दोन्हींकडे धुरकट. पण त्या तशाच असायला हव्यात. चित्रकाराने त्या मुद्दाम धुरासारख्या विरू दिल्या, हे मी इंग्रजी पुस्तकात वाचलेलं, वर्गात सांगितलेलं. मला शंका आली नाही, उलट जाहिरात करणाऱ्यांची कीव आली. असे चार महिने गेले.

एका गुरुवारी बस येईना. मी म्हणाले, "काय लोक आहेत. एकच चित्र दोनदा छापलं, आणि म्हणे फरक ओळखा."

शेजारीण हसली. "मस्करी करी ऱ्हायनात का मास्तरीनबाई? डावी बाई धुईसन काढेल शे. तोंड बी दिसत नही तिन्हं."

मी हसत नाही हे पाहून ती थांबली.

"आणि उजवी?" मी विचारलं.

"उजवी चांगली शे. भुवया नही तिले, तेबी दिसस."

भुवया नाहीत, हेही मी वर्गात सांगत असे. आता मला भुवयाही दिसत नव्हत्या आणि त्यांचं नसणंही.

तिचा हात धरून रस्ता ओलांडला. फलकाच्या तळाशी एक बारीक ओळ होती. तिला वाचता येत नव्हतं, मला दिसत नव्हतं. शेवटी पंक्चरवाल्याने हातातलं टायर ठेवून वाचली: "दोन्ही चित्रं सारखी दिसत असतील तर उशीर करू नका."

डॉक्टर म्हणाले, "चार महिन्यांपूर्वी आला असतात तर बरीच नजर वाचली असती." डोळ्याचा मागचा पडदा खराब झाला आहे. गेलेली नजर परत येत नाही. इंजेक्शनांनी उरलेली किती टिकेल, ते त्यांनाही सांगता येत नाही. शिकले नसते तर पहिल्याच गुरुवारी शेजारणीला विचारलं असतं. हा विचार मला सोडत नाही.

रोज सकाळी तुमचा फोटो नाकाशी धरते. चौकट दिसते, मागचं झाड दिसतं. जिथे बघते तिथेच डाग येतो, आणि मला तर तिथेच बघायचं असतं.

मागच्या रविवारी मोबाईलवर तुम्ही शेजारी शेजारी बसला होतात. मी थोरलीला धाकटीच्या नावाने हाक मारली, तुम्ही हसून लोळलात. मीही हसले. ती गंमत नव्हती. केस, कपाळ, गळा, मी वरून खाली शोधत होते.

यापुढे आधी आपलं नाव सांगा, मग बोला. आणि एकीने लाल काहीतरी घालत जा. लाल मला अजून कळतं.