वेगाचं चलान आणि फुटलेली खबर

ती घटना आजही आठवते, असं लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त मंडळींची पद्धत आहे. माझी अडचण वेगळी आहे. ही घटना मी विसरायचा बराच प्रयत्न केला. पण नागपूरच्या प्रताप नगरात सकाळी फिरायला येणारी निम्मी मंडळी आमच्याच खात्यातली, ती विसरू देत नाहीत. त्यांनी तिखट-मीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

तेव्हा मी वाहतूक शाखेत अधिकारी होतो. नागपूर-कळमेश्वर रस्त्यावर आमचं वेगतपासणी पथक उभं राहायचं. मृग बहाराचा संत्रा निघाला होता. नरखेडकडच्या बागांमधून संत्र्याच्या पिकअप गाड्या नागपूरच्या बाजाराकडे सुटायच्या, आणि त्यांच्या जोडीला रिकामा रस्ता बघून पळणाऱ्या कारगाड्या. स्पीडगननं वेग मोजायचा, फोटो घ्यायचा, पुढे गाडी थांबवायची आणि मशीनवर चलान करायचं, असं काम. पथकाचे प्रमुख एक हवालदार होते. वयानं माझ्यापेक्षा मोठे, बोलायला कमी, कामाला चोख. त्यांचं नाव सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत लागण्याच्या बेतात होतं.

पथक कुठे उभं राहणार हे मी ठरवायचो, आणि खरं सांगायचं तर ते पोट ठरवायचं. एका फाट्यावर कडुनिंबाची सावली होती आणि रस्त्यापलीकडे एका काकूंची पोह्यांची टपरी. तिथली तर्री, म्हणजे पोह्यांवर ओतायचा झणझणीत रस्सा, अशी की पहिल्या घासाला घाम फुटावा आणि दुसऱ्याला वरिष्ठांचा विसर पडावा. त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा पथक त्या फाट्यावर जायचं. कारवाईच्या दृष्टीनं ती जागा महत्त्वाची आहे, असं मी दैनंदिनीत लिहायचो. पोहे संपू नयेत म्हणून निघताना काकूंना फोन करून ठेवायचो.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. त्या फाट्यावर कोणी सापडतच नव्हतं. पिकअपवाले गाईसारखे संथ जायचे. महिन्याच्या आढावा बैठकीत साहेबांनी माझ्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, त्या रस्त्यावर सगळे साधुसंत राहतात का?

मग एक दिवस एक कार सापडली. चालवणारे गृहस्थ शिकलेले, नीट कपड्यातले. फोटो बघून ते चिडले नाहीत, उलट माझी शाळा घेतली. रस्ता सरळ, गाडी नवी, ब्रेक उत्तम, दारूचा थेंब नाही; मग वेगानं जाण्यात धोका कुणाला, असं त्यांचं म्हणणं. अपघात अडाणी चालकांमुळे होतात, वेगामुळे नव्हे. मी नियमाकडे बोट दाखवलं. ते हसले. नियम असणं आणि धोका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणाले. मी मशीनवर चलान काढून त्यांच्या हाती दिलं. आणि जाता जाता त्यांनी खडा टाकला. समोरून येणारा एक पिकअपवाला त्यांना फार आधीपासून डिपर मारत, दिवे उघडझाप करून सावध करत होता, तुमचं पथक गाडीतून उतरण्याच्याही आधी. तुमच्याच खात्यातून खबर फुटते साहेब, आणि सापडतो आम्ही.

खबर मिळाली की पोलीस अधिकाऱ्याच्या अंगात येतं. माझ्या तर फारच. पथकाची जागा सकाळी दोघांनाच माहीत असायची, मला आणि हवालदारांना. हवालदार नरखेड तालुक्यातले. नातेवाइकांच्या बागा, पुतण्याची पिकअप. आणि निघताना ते रोज फोनवर बोलताना दिसायचे. मी एकावर एक विटा रचत गेलो आणि भिंत उभी राहिली. ती कुणाच्या अंगावर पडेल, याचा विचार केला नाही.

हवालदारांना मी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. चौकशीचं माझं एक तंत्र होतं. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं; समोरचा माणूस ती शांतता भरून काढायला बोलू लागतो. हवालदार नोकरीभर असल्या शांतता बघून बसलेले. ते टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. शेवटी मलाच राहवलं नाही. पुतण्याचं विचारलं, फोनचं विचारलं. फोन घरी करतो, बायकोला शुगरची गोळी घ्यायची आठवण द्यायला, एवढं म्हणाले. मग खबर कोण देतो? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं.

"खबर मी देत नाही साहेब. कोण देते, ते मले इचारू नका."

झालं. माहीत आहे पण सांगत नाही, म्हणजे सामील आहे. मी त्याच दिवशी त्यांच्याविरुद्ध कसुरी अहवाल लिहायला घेतला. असा अहवाल वर गेला की चौकशी लागते, आणि चौकशी लागली की बढतीच्या यादीतून नाव गळतं. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

अहवालावर सही करून मी पाकीट डाकेच्या ट्रेमध्ये ठेवलं. दुपारच्या डाकेनं ते जाणार होतं. तोवर एखाद्या पिकअपवाल्याला बोलतं करून ताजा पुरावा हाती लागला तर सोनेपे सुहागा, म्हणून मी साध्या वेशात, स्वतःच्या गाडीनं, कुणालाही न सांगता फाट्यावर गेलो. हवालदारांना मुद्दाम पथकासह नागपूरच्या बाजूला, नाक्याजवळ उभं केलं. गुप्त मोहीम असल्यामुळे काकूंनाही फोन केला नाही.

निंबाखाली गाडी लावली. टपरी रस्त्यापलीकडे. उजवीकडे बघितलं, दूर एका बाभळीपाशी एक कार होती. भरपूर वेळ आहे, असा हिशेब करून मी निघालो. इतकी वर्षं अपघातांचे पंचनामे केलेला माणूस. अंतर मला कळत नाही तर कुणाला कळणार? रस्त्याच्या मध्यावर पोचतो तो कार अंगावर. ब्रेक किंचाळले. मी उडी मारली ती थेट टपरीशेजारच्या नालीत. खिशातला मोबाइल आधी पोचला, मागून मी. कारवाल्यानं काच खाली करून, काका दिसत नाही का, असं विचारलं आणि तो गेला.

काकूंनी हात देऊन वर काढलं. चिखल पुसायला फडकं दिलं. मग म्हणाल्या, "आज फोन नाही केला जी तुमी."

मी म्हटलं, फोनचा काय संबंध?

"तुमचा फोन आला का मी पिकअपवाल्यायले सांगतो, हळू जा गा, साहेब येऊन राहिले. ते समोरच्याले डिपर मारतात. मंग सगळ्याच गाड्या हळू येतात. आज सांगतलं नाही, तं पाहा."

मी तिथेच बाकावर बसलो. काकू लपवत काहीच नव्हत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या सासूला त्याच जागी एका मोटारसायकलनं उडवलं होतं, तेव्हापासून म्हातारी काठीवर आली. गावच्या बायका संत्रा तोडायला इथूनच पलीकडे जातात. गाडी अजून बाभळीपाशीच असेल तर रस्ता ओलांडायला वेळ आहे, हा गावाचा जुना अंदाज. एसटी आणि बैलगाडीच्या काळात तो कधी चुकला नाही. जोरात येणाऱ्या गाडीला तो लागू पडत नाही, आणि गाडी किती जोरात आहे ते समोरून बघून कळत नाही. मला तरी कुठे कळलं? त्या शिकलेल्या गृहस्थांना द्यायचं उत्तर मला नालीत मिळालं. गाडी चालवणाऱ्याला आपला वेग माहीत असतो. ओलांडणाऱ्याला तो फक्त अंदाजानं कळतो, आणि अंदाज चुकला तर कारच्या उत्तम ब्रेकचा त्याला फारसा उपयोग होत नाही.

मी काकूंना जरा दरडावून म्हटलं, पोलिसांची खबर फोडणं बरं नव्हे. त्या तर्री ढवळतच म्हणाल्या, "लोकायनं हळू चालवावं, हेच पायजे ना तुमाले?"

हेच पाहिजे होतं. फक्त बैठकीत त्याचा आकडा दाखवता येत नव्हता.

आणि मग मी बाकावरून ताडकन उठलो. डाक! खबर फोडणारा मी, आणि पाकिटात नाव हवालदारांचं. मोबाइल नालीच्या पाण्यानं मेलेला. पोहे न खाताच मी गाडीत बसलो आणि ती सुसाट सोडली. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीपाशी ट्रकांची रांग होती, ती कशी ओलांडली ते सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की मी स्वतः पथकात असतो तर स्वतःला सोडलं नसतं.

मी पथकात नव्हतो. पथक नाक्याजवळ होतं, मीच नेमलेलं, आणि ते मी साफ विसरलो होतो. वळण घेतलं तर समोर हवालदार, हात आडवा करून उभे.

त्यांनी गाडी ओळखली, मग मला, मग माझ्या कपड्यांवरचा चिखल. सलाम केला. "साहेब, काहून एवढी घाई?"

मी खाली उतरून सगळं सांगितलं. फोन, काकू, डिपर, नाली, पाकीट.

"मले माहीत होतं," हवालदार म्हणाले.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"काय सांगू साहेब? खबर तुमीच देता म्हणून? तुमच्याच केबिनमंदी, दार लावून?"

आमच्या खात्यात खालच्या माणसाला सगळं दिसत असतं, फक्त वरच्या माणसाची चूक बोलून दाखवायची सोय नसते. त्याच्या गप्प राहण्याला मी गुन्हा समजलो होतो.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, डाकेच्या कारकुनाला लावला आणि शांतपणे सांगितलं की साहेबांचं एक पाकीट ट्रेमध्ये आहे, ते थांबवा, साहेब स्वतः येऊन राहिले. आपल्याच विरुद्धचा अहवाल त्यांनी एका फोननं थांबवला. तेव्हा मला आठवलं की काकूंच्या कमरेलाही मोबाइल खोचलेला होता. मी मागितला असता तर तिथूनच काम झालं असतं. पण मी गाडीत बसलो होतो, आणि माणूस जोरात निघाला की सगळ्यात आधी अक्कल मागे राहते.

पुढचं थोडक्यात. कसुरी अहवाल मी फाडला आणि दुसरा लिहिला, स्वतःविरुद्ध. साहेबांनी तो दोनदा वाचला, मला लेखी ताकीद दिली, आणि फाईल मिटता मिटता तर्री कशी असते ते विचारलं. पथक मग शाळेच्या आणि बायका बागेत जायच्या वेळी फाट्यावर उघड, दुरून दिसेल असं उभं राहू लागलं. चलानं कमी झाली; बैठकीत मी बोलणी खात राहिलो. हवालदार सहायक फौजदार झाले. त्यांनी पेढे सगळ्यांना वाटले, मला सगळ्यात शेवटी, आणि तो मान नव्हता हे मला कळत होतं.

वेग धोक्याचा असतो की नसतो, हे लोक मला अजून विचारतात. मी म्हणतो, स्टिअरिंगवर बसून ठरवू नका. एकदा खाली उतरून रस्ता ओलांडा. आणि माणसाबद्दल मत बनवतानाही जरा ब्रेकवर पाय असू द्या. त्या दिवशी मी दोन्हीकडे चुकलो. नालीमुळे मी वाचलो, आणि हवालदार मात्र माझ्यामुळे जवळपास बुडाले होते.

नाक्यावरचं एक सांगायचं राहिलं. पाकीट थांबल्यावर मी हुश्श केलं आणि गाडीत बसायला लागलो, तर हवालदार मशीन हातात घेऊन उभे. मी म्हटलं, अहो, तातडीचं काम होतं.

"सगळ्यायचंच असते साहेब. तिकडं जरा लायनीत उभं राहता का?"

मी लायनीत जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढे एक पिकअपवाला होता. त्या दिवशी फोन न झाल्यामुळे तोही सापडला होता. माझा अवतार बघून त्यानं सरकून जागा दिली आणि समजुतीनं म्हणाला, "पहिल्यांदाच काय जी काका? घाबरू नका, साहेब लोक तसे चांगले असतात."