दोर न सोडता ठरलेलं लग्न

जेद्दात, अल अझीझियातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे सिराजुद्दीन मुकादम मूळचे दाभोळचे. घराण्यात पिढ्यान् पिढ्या गलबतं, आणि या एका गृहस्थांना होडीत पाय टाकला की मळमळतं. तुर्कस्तानातून येणाऱ्या फरशा बंदरातून सोडवून आणणं हा त्यांचा धंदा. पण स्वतः कायम धक्क्यावर. माझी बायको विभा म्हणते, मी बादलीत फडकं पिळलं तरी सिराजभाई तोंड फिरवतात. ती थोडं वाढवून सांगते.

२००६ साली त्यांच्या इकराचं लग्न निघालं. मुलगा हाशिर, दम्मामला नोकरीला. त्याचे वडील मुनाफ, हर्णैचे जुने तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, मक्केला उमऱ्याला आले होते. त्यांच्या घरात लग्नाची बोलणी होडीतच व्हायची. कारण सरळ होतं: पाण्यावर कुणाला रुसून उठून जाता येत नाही. इकरा इथल्या भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. दम्मामला हाशिरसोबत राहीन आणि तिथेही शिकवीन, एवढीच तिची अट. मुनाफभाईंना सून हर्णैच्या घरात हवी होती. म्हणजे अट होडीत मांडायची, आणि ती सिराजभाईंनी.

"गुरुनाथ, माझ्याने नाय होणार," ते आमच्याकडे येऊन म्हणाले. पाठोपाठ इकरा आली. वर्गात सेल्जुक तुर्क चालू होते, तेच तिने बापाला ऐकवले. पठारावरचे, घोड्यावरचे लोक. पण दक्षिणेला अंतालिया आणि उत्तरेला सिनोप ही बंदरं हाती आल्यावर राज्याचा नूर पालटला. व्हेनिस, सायप्रसच्या व्यापाऱ्यांना त्यांनी जकात हलकी केली, वाटेवर मुक्कामाला सराया बांधल्या, माल लुटला गेला तर भरपाई दिली. जहाजं इतरांची का असेनात, पैसा धक्क्यावर यायचा.

सिराजभाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे माझ्यासारखेच. सुलतान काय सुकाणू धरायला गेला असेल?"

लगेच त्यांनी मुनाफभाईंना फोन लावून सेल्जुकांचा सबंध धडा ऐकवला. पलीकडून उत्तर आलं की तुर्कांनी काय करायचं ते करावं, हर्णैची सोयरीक होडीतच ठरते. बऱ्याच घासाघिशीनंतर तडजोड निघाली: होडी धक्क्याला बांधलेली राहील, दोर सोडायचा नाही.

जुम्म्याच्या दिवशी एका ओळखीच्या मच्छीमाराच्या होडीत आम्ही बसलो. मुनाफभाई नव्याकोऱ्या पांढऱ्या, पायघोळ अरबी थोबमध्ये, समोर गुडघ्याला गुडघा लावून सिराजभाई, साक्षीला मी. वारा जेमतेम होता. मुनाफभाईंनी हर्णैचं घर, माडाची बाग, सुनेची खोली असं वर्णन सुरू केलं. होडी जराशी डुलली. सिराजभाईंचा रंग आधी पिवळा, मग हिरवट. त्यांनी अट सांगायला तोंड उघडलं आणि घाईने मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मुनाफभाई थोब आवरून घेत मागे सरकले. सरकायला जागा नव्हती.

तेव्हा अट मी सांगून टाकली.

"शिकवू दे, दम्मामला राहू दे," मुनाफभाई घाईघाईने म्हणाले. "खलास. आधी यांना खाली उतरवा."

मी हात दिला, पण सिराजभाई हलेनात. ओठ घट्ट मिटूनच त्यांनी बोट पुढे नाचवून खुणेने विचारलं, पुढेही?

"पुढेही, बाबा, पुढेही. जन्मभर शिकवू दे."

तेव्हा ते उठले आणि धक्क्यावर जाऊन आडवे झाले.

घरी इकराने विचारलं, "अब्बा, तुम्ही काय बोललात तरी काय?"

"काही नाय बोललो," सिराजभाई लिंबू चोखत म्हणाले. "बोललो असतो तर सोयरीक मोडली असती."