भर दुपारचा अंधार
टाल्कम पावडरचा डबा उघडला की मला किन्हवलीतली ती दुपार आठवते. त्याआधी शहापुरातल्या एका स्पर्धेत परीक्षक म्हणून आलेल्या मुरबाडच्या एका लेखकाने माझ्या एकांकिकेबद्दल माइकवरून सांगितलं होतं, ‘छान आहे, शाळेच्या गॅदरिंगला चालेल.’ लोक हसले आणि मी तो अपमान गिळला. पुढच्याच वर्षी किन्हवलीच्या मंडळाची माणसं माझ्याकडे एकांकिका विचारायला आली. प्रयोग भर दुपारी, उघड्या मैदानावर होता. मी त्या लेखकाचीच एकांकिका सुचवली, तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्यालाही पाहुणा म्हणून बोलवायला लावलं. एकांकिका खरंच चांगली होती. फक्त शेवटी बाप मरतो, दिवे जातात आणि उजेड येतो तेव्हा खाट रिकामी असते. त्या दिवशी ऊन असं होतं की खुर्च्यांना हात लावता येत नव्हता. पावडर थापून पांढराफटक झालेला बाप खाटेवर मेला, कुणीतरी इमानदारीत दिव्यांचं बटण बंद केलं, आणि लख्ख उन्हात बाप उठला, लुंगी सावरली, खाटेखालच्या चपला पायात घातल्या आणि चालू लागला. ‘अगो, मयत चाललं बघ!’ एक म्हातारी ओरडली, आणि सगळं मैदान हसून लोळलं. पहिल्या रांगेतला लेखक माझ्याकडे वळला. ‘तुमीच सुचवली ना ही?’ ‘हो तर,’ मी टाळ्या वाजवत म्हणालो, ‘छान आहे. गॅदरिंगला चालेल.’ आजही कुणी एकांकिका सुचवायला सांगितली की मी पहिली त्याचीच सांगतो. फक्त प्रयोग दुपारचाच आहे ना, एवढं आधी विचारून घेतो.